पाऊण युरिया, पाव मीठ

माझ्या मुलीच्या बारशाचा पेढा पेडगावकरांनी खाल्ला नाही. हातरुमालात गुंडाळून खिशात घातला. मला वाटलं, जेवण झालं असेल, संध्याकाळी खातील. चौथ्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "खवा पंचावन्न, साखर तीस, बाकीचा पंधरा टक्के मैदा हाय. हलवायी बदला. मुलगी मात्र लय गोड हाय."

मुलीचं त्यांनी पृथक्करण केलं नव्हतं, तोंडीच सांगितलं, यातच आम्ही नवरा-बायकोनं समाधान मानलं.

आम्ही परभणीला खत तपासणीच्या एका प्रयोगशाळेत होतो. मी टंकलेखक, ते विश्लेषक. घरंही समोरासमोर. माझ्या दोन खोल्या, त्यांची एक. बायको लग्नानंतर दोनच वर्षांत तापानं गेलेली. ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. पन्नाशी उलटलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस. डाव्या हाताची तीन बोटं सिल्व्हर नायट्रेटनं कायमची काळी पडलेली. निवडणुकीत मतदान केंद्रावरच्या माणसानं त्यांना एकदा "तुम्ही आधीच मत देऊन आलात" म्हणून परत पाठवलं होतं. तेव्हा ते भांडले नाहीत. घरी येऊन त्यांनी मतदानाच्या शाईत काय काय असतं यावर मला पाऊण तास सांगितलं.

रसायनशास्त्र ते उर्दूत शिकलेले होते. निजामाच्या राज्यातली शाळा, पुढं हैदराबादला दोन वर्षं. त्यामुळं प्रयोगशाळेतली सगळी पुस्तकं इंग्रजी, अहवाल मराठी आणि पेडगावकरांचं डोकं उर्दू, असा आमचा कारभार होता. मूलद्रव्याला ते उन्सुर म्हणत. संयुगाला मुरक्कब आणि मिश्रणाला आमेजा. नवीन कुणी भेटलं की पाच मिनिटांत हा फरक त्याला समजावला जायचा.

"मुरक्कबात शिरलं की वस्तू आपली राहत न्हाई, मुनशीजी. मिठात सोडियम हाय, पण तो सोडियमवानी वागतोय का? न्हाई. आमेज्यात तसं न्हाई. ज्वारीत खडा मिसळला तरी खडा खडाच राहतो. फकत किती खडा अन् किती ज्वारी, एवढंच शोधायचं असतं."

मला ते मुनशीजी म्हणत. मी कधी हरकत घेतली नाही. साहेब लोक मला 'अरे' म्हणत, त्यापेक्षा बरं.

हे शोधण्याचं वेड त्यांना जन्मजात असावं. गवळ्याचं दूध ते मोजतच, पण त्याचा निकाल गवळ्याला न सांगता म्हशीला सांगत. गोठ्यापाशी उभं राहून म्हणत, "तुझी काही चूक न्हाई." साहेबांच्या घरी सत्यनारायण झाला तेव्हा द्रोणातला शिरा त्यांनी घरी नेला. शिऱ्यात नायट्रोजन येतो तो मुख्यतः रव्यातून, तुपात आणि साखरेत नसतो. नायट्रोजन हवा त्यापेक्षा जास्त निघाला, म्हणजे रवा जास्त, म्हणजे तूप मारलेलं. पुढच्या पूजेला त्यांनी हे गुरुजींना सगळ्यांसमोर सांगितलं. गुरुजी गोरेमोरे झाले. साहेबीणबाई त्याहून जास्त झाल्या, कारण तूप त्यांनी दिलं होतं.

"देव रागवायचा न्हाई," पेडगावकर शांतपणे म्हणाले. "त्याला टक्केवारी ठाऊक हाय."

त्यानंतर त्यांना पूजेचं बोलावणं आलं नाही. बढतीही आली नाही. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असल्याचा लेखी पुरावा माझ्याकडं नाही.

माणसांचंही ते असंच करत. साहेबांविषयी म्हणत, "तीस टक्के भ्या, बाकी पाणी." माझ्याविषयी एकदा मीच विचारलं. "तुमच्यात खराब काही न्हाई, मुनशीजी," ते म्हणाले. "पण घट्ट बी काही न्हाई." मी हसलो. बायकोला सांगितलं तर ती हसली नाही.

आता ज्या गोष्टीमुळं मी हे लिहायला बसलो ती सांगतो.

नामांतराची ती वर्षं होती. विद्यापीठाचं नाव बदलावं की बदलू नये यावरून सगळा मराठवाडा धुमसत होता. परभणीत मोर्चे निघत, बंद होत, आणि खेड्यांत कालपर्यंत एका पारावर बसणारी माणसं एकमेकांकडं बघेनाशी झाली होती. आमच्या ऑफिसात या विषयावर कुणी बोलत नसे. मी तर पेपरसुद्धा घडी घालून वाचायचो.

अशा दिवसांत श्रावणाच्या सुमारास भगवानराव नावाचे एक शेतकरी ऑफिसात आले. जिंतूरच्या बाजूला बोरीच्या अलीकडं एक गाव आहे, तिथले. गावाचं नाव लिहीत नाही. चांगली बागायत, गावच्या सोसायटीवर वजन. त्यांनी फडक्यात बांधलेला शेर-दोन शेर युरिया साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"दोन एकर पऱ्हाटी जळाली, सायेब. कपाशीची पानं कडंनं करपली. सोसायटीच्या गोदामातलं खत हाय. गोदामावर पोरगा हाय ना, त्यानं मिसळ केली."

गोदामावरचा पोरगा म्हणजे गौतम वाघमारे. बौद्ध वस्तीतला, बी.कॉम. झालेला, पंचवीस-सव्विसाचा. गोदामाच्या किल्ल्या गावानं त्याच्याकडं दिल्याला वर्षही झालं नव्हतं, आणि ज्यांना ते मुळातच पटलं नव्हतं त्यांना आता कारण मिळालं होतं. सोसायटीनं त्याला पंधरा दिवसांची मुदत दिली होती. अहवाल वाईट आला की नोकरी जाणार, वर पोलिसांत तक्रार.

साहेबांना वरून फोन आला होता. त्यांनी नमुना पेडगावकरांकडं दिला आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत उरका."

पेडगावकरांनी तो ॲसिडमध्ये उकळला, त्यातला अमोनिया काढला, मोजला. तीनदा केलं. शुद्ध युरियात शंभराला सेहेचाळीस भाग नायट्रोजन असतो. यात साडेचौतीस निघाला.

"कमी आहे ना?" साहेब म्हणाले. "मग 'अप्रमाणित' लिहा आणि सही करा. मुनशी टाइप करेल."

मुनशी हा शब्द साहेबांनी पेडगावकरांकडून उचलला होता, 'जी' मात्र तिथंच ठेवला होता. मी यंत्रात कागद घालून तयार बसलो होतो.

"सही न्हाई करत," पेडगावकर म्हणाले.

"का?"

"नायट्रोजन किती न्हाई ते कळलं, सायेब. त्याच्या जागी काय हाय ते कुठं कळलं?"

"ते आपलं काम नाही. नियमात नायट्रोजन तपासायचं लिहिलंय. तो कमी. संपलं."

"एका उन्सुरानं आमेजा कळत न्हाई," पेडगावकर म्हणाले आणि आपल्या टेबलाकडं वळले. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी कागदाकडं बघितलं.

सोमवारी त्यांनी नमुन्याचं पाणी करून त्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं. नळीत दह्यासारखा पांढरा साका धरला. म्हणजे क्लोरिन. तो साका गाळून, वाळवून, काचेच्या पेटीतल्या तराजूवर तोलला. शंभरात पंधरा भाग क्लोरिन निघाला. मग त्यांनी मला बोलावलं आणि कागदावर मांडून दाखवलं.

"बघा मुनशीजी. नायट्रोजन साडेचौतीस, म्हंजी युरिया पाऊण भाग. बरूबर? पाव भाग दुसरं काहीतरी हाय, एवढंच तो सांगतो. आता क्लोरिनला इचारा. आपल्या मिठात शंभराला साठ भाग क्लोरिन असतो. हितं पंधरा हाय. म्हंजी मीठ किती?"

"पाव भाग."

"दोघांची एकमेकांशी ओळख न्हाई. वायले वायले इचारले, अन् जबानी जुळली. पाऊण युरिया, पाव मीठ. खडे मीठ, घरातलं."

"मग गोदामवाल्यानं मीठ मिसळलं, असं लिहायचं?"

त्यांनी चष्मा काढला. "मीठ किती ते नळी सांगती. कुणी मिसळलं ते नळी सांगत न्हाई. त्यासाठी गावाला जावं लागल. उद्या रजा टाकतो. तुमी चला, सोबत साक्षीदार असलेला बरा."

मी का गेलो ते आजही नीट सांगता येत नाही. नाही म्हणायला जरा जास्त हिंमत लागते, एवढंच कारण असावं.

मंगळवारी सकाळच्या जिंतूर गाडीनं निघालो. पेडगावकरांच्या मांडीवर पिशवी. पिशवीत काचनळ्या, सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली, ॲसिडची छोटी बाटली आणि शुद्ध पाण्याचा एक मोठा शिसा. फाट्यावर उतरून दीड कोस चिखलातून चाललो. गोदामापाशी गौतम उभा होता. खत तपासणीवाले म्हटल्यावर त्यानं किल्ल्यांचा जुडगा पेडगावकरांच्या हातात दिला आणि बाजूला सरकला. मग त्यानं दोन्ही हात मागं बांधले.

तोवर भगवानराव आले, सोसायटीची दोन-चार माणसं आली, मग बघायला अर्धं गाव जमलं. पेडगावकरांनी टोकदार नळी खुपसून एका बंद पोत्यातला युरिया काढला. मग गोदामातल्या उघड्या पोत्यातला. मग भगवानरावांना म्हणाले, "तुमच्या घरचं पोतं आणवा."

पोतं आलं. तीन नळ्या ओळीनं दगडावर खोचून उभ्या केल्या. कुणीतरी घागर पुढं केली.

"हे न्हाई चालत," पेडगावकर म्हणाले. "तुमच्या हिरीच्या पाण्यात बी मीठ असतं. त्याच्यावर बी आळ येईल."

आपल्या शिशातलं पाणी त्यांनी घातलं. प्रत्येकीत ॲसिडचे दोन थेंब टाकले. मग तपकिरी बाटलीतला औषधाचा थेंब पहिल्या नळीत. पाणी तसंच, नितळ. दुसऱ्या नळीत. नितळ. तिसरी भगवानरावांची. थेंब पडला आणि नळी ताकासारखी पांढरीफटक झाली.

मागं एक म्हातारा म्हणाला, "इरजण लागलं की."

"ह्याच्यात मीठ हाय," पेडगावकर म्हणाले. "गोदामातल्यात न्हाई. मीठ गोदामातून निघाल्यावर मिसळलंय."

"म्हंजी मी मिसळलं म्हनता का?" भगवानरावांचा आवाज चढला. "मी माझी पऱ्हाटी जाळीन व्हय?"

लोक दोन बाजूंना सरकायला लागले होते. मला परतीच्या गाडीची वेळ आठवायला लागली. तेवढ्यात गर्दीतून भगवानरावांची आई पुढं आली. ऐंशीच्या घरातली, हातात काठी. तिनं पोत्यात हात घालून मूठ काढली, तळहातावर पसरून डोळ्यांजवळ नेली.

"हे तर माझं मीठ हाय की."

"माय, तू घरी जा," भगवानराव म्हणाले.

"घरी जा कामून? उंदरं झालते म्हनून दोन फोडलेली पोती मीच एकात केली, एकात तळालाच उरलं व्हतं. दोन्ही येकाच छापाची. मी म्हनलं दोन्हीत मीठच हाय. जनावरांचं मीठ नव्हं का ते, खताच्या पोत्यात भरून ठिवलेलं? तू हाच्यातलं पऱ्हाटीला घातलंस?" मग ती गौतमकडं वळली. "अन् ह्या लेकराला कामून पकडलंय?"

याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते चारचौघांत म्हातारीला सांगण्यासारखं नव्हतं.

माफी वगैरे कुणी मागितली नाही. सोसायटीच्या एका माणसानं "चला, झालं ते झालं" म्हटलं, आणि ज्यांच्यामुळं झालं होतं ते सगळे लगेच कबूल झाले. भगवानराव आम्हाला जेवायला वाड्यावर चला म्हणाले. चूक कळली की आमच्याकडं जेवू घालायची रीत आहे, मात्र ज्याच्या बाबतीत चूक झाली त्याला नव्हे.

पेडगावकर म्हणाले, "आज गौतमरावांकडं जेवतो."

गौतमला कुणी 'राव' म्हटल्याचं त्या गावानं पहिल्यांदाच ऐकलं असावं. वाड्याकडं वळलेले चार-सहा चेहरे परत फिरले. मी पेडगावकरांच्या मागं वस्तीपर्यंत गेलो. गौतमच्या आईनं, ठकूबाईंनी, ओट्यावर घोंगडं टाकलं. भाकरी, तुरीच्या डाळीचं वरण, ठेचा. पेडगावकर बसले. मी म्हणालो, मला उपास आहे.

त्या दिवशी मंगळवार होता. माझा उपास सोमवारी असतो.

पेडगावकर पोटभर जेवले, दुसरी भाकरी मागून घेतली. येताना गाडीतही त्यांनी तो विषय काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

अहवालात त्यांनी लिहिलं तसंच मी टाइप केलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि नियमाबाहेरची तपासणी केल्याबद्दल पेडगावकरांकडून खुलासा मागवला. खुलासाही मीच टाइप केला. त्यात एकच वाक्य होतं, "नमुना अपुरा सांगत होता, म्हणून त्याला पुन्हा विचारले." गौतमची नोकरी राहिली. प्रकरण फायलीत गेलं.

पुढं दोन-अडीच वर्षं गेली असतील. निवडणुका आल्या आणि माझी ड्यूटी नेमकी त्याच गावात लागली. दुपारी केंद्रावर गर्दी ओसरली तेव्हा गौतम आला. अंगानं भरला होता, लग्न झालं होतं. "घरी चला, भाकर खाऊन घ्या," म्हणाला.

ठकूबाईंनी मला लगेच ओळखलं. "आज उपास न्हाई ना?" त्यांनी विचारलं. तोंड अगदी साधं ठेवून.

"नाही," मी म्हणालो आणि बसलो.

मी जेवत असताना त्या समोर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "सायेब बरे हायेत का? यायचा आइतवार गेला, आले न्हाईत."

"कोण साहेब?"

"पेडगावकर सायेब. दुसरे कोन?"

माझा घास हातातच राहिला. पेडगावकर रविवारी सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडत आणि संध्याकाळी येत, हे मी खिडकीतून बघत होतो. कुठं जातात ते विचारावं असं कधी वाटलं नाही. पेडगावला भावाकडं जात असतील, असं आपलं मी धरून चाललो होतो.

"दर रविवारी येतात?"

"एकाआड एक. पहिल्या खेपंला आले ते म्हनले, तुमच्या शेताची माती तपासायचीय. दिली मूठभर. पुन्हा आले, म्हनले, परत घ्यावी लागती, नांगरट झाली. तिसऱ्यांदा आले तर काय म्हनावं ते त्यांनाच सुचंना. दारात हुभे राहिले पिशवी धरून." त्या पदरानं तोंड पुसत हसल्या. "तवापसून मीच पुडी बांधून ठिवते. आले की म्हनते, सायेब, बरं झालं आलात, माती बघून द्या. मंग ते बसतेत."

"शेत किती आहे तुमचं?"

"दीड एकर."

दीड एकराची माती दोन वर्षं, एकाआड एक रविवारी. मी मनात हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. ते सगळे निकाल त्यांनी कुठं ठेवले असतील? माझ्याकडं टाइपला तर एकही आला नव्हता.

"तुम्हाला कळलं होतं म्हणजे," मी म्हणालो.

"कळायचं काय त्यात? मानूस जेवताना दिसतं की, किती वरसं येकटं जेवायलंय ते." त्यांनी माझ्या ताटात वरण वाढलं. "तुमी तर समोरच ऱ्हाता ना त्यांच्या?"

मी मान हलवली. खोकल्याचा आवाज गेले पंधरा दिवस मला समोरच्या खोलीतून ऐकू येत होता. त्या खोकल्यानं पेडगावकर ऑफिसात अर्धा दिवस येऊन परत जात होते. मी त्यांच्या रजेचे अर्जही टाइप केले होते.

निघताना ठकूबाईंनी जुन्या पेपरात बांधलेली पुडी माझ्या हातात दिली. "द्या त्यांना. म्हनावं, खालच्या तुकड्यातली हाय, ही बघितलेली न्हाई. अन् बरं वाटल्यावर या म्हनावं."

सोमवारी मी ऑफिसात जाण्याआधी समोरच्या खोलीचं दार वाजवलं. सात वर्षांत पहिल्यांदा. पेडगावकर खाटेवर बसून काढा पीत होते. मी पुडी त्यांच्यापुढं ठेवली.

त्यांनी दोऱ्याची गाठ बघितली आणि त्यांना कळलं. काळ्या बोटांनी ती गाठ सोडायला त्यांना बराच वेळ लागला. मी दुसरीकडं बघत राहिलो.

"जेवलात का तिथं?" त्यांनी विचारलं.

"जेवलो."

"ठेचा लय तिखट असतो."

"हो."

त्यांनी माती चिमटीत घेतली, चोळली, वासही घेतला. "ओली हाय," म्हणाले. "वाळवावी लागल. शनिवारपर्यंत होईल."

"मी टाइप करून देतो," मी म्हणालो. "रविवारी तुम्हाला न्यायला बरं."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना काही बोलायचं असावं, पण खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत ते राहून गेलं.

ऑफिसात गेल्यावर मी आधी यंत्रात कागद चढवला. वर शेतकऱ्याचं नाव टाकलं, ठकूबाई वाघमारे. त्याखाली नमुना घेणाऱ्याचं नाव, रंगनाथ पेडगावकर. निकालाची जागा रिकामी ठेवली आणि कागद यंत्रातच राहू दिला.